राजाबाईचा सोमवार

तळवली, नवी मुंबई
बुधवार, जेवणाची सुट्टी

नाही आत्या, नमस्कार खाली लिहिलाय, तो तुला मिळेल, आधी मला एवढं सांग की गिरणीच्या ओट्यावर तू चक्कर येऊन पडलीस ती सोमवारीच का पडलीस? मंगळवारी का नाही? शुक्रवारी का नाही? दिवाळीआधी हापशावर पडलीस, तोही सोमवारच होता. आणि तुझं म्हणणं काय, तर ऊन लागलं. गिरणीत ऊन कुठून आलं? गिरणीवर पत्रा आहे. तो पत्रा ठोकायला मीच वर चढलो होतो आणि त्याला एक भोक राहिलेलं नाही, हे तूच गावभर सांगत होतीस.

मी फोन केला की तू "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय रे" म्हणतेस आणि कट करतेस. आवाज तुटत नाही. मला तुझ्या मागं कोंबडी कॉक कॉक करते तीसुद्धा स्पष्ट ऐकू येते. कोंबडीचा आवाज येतो आणि माझा तुटतो, असं कसं? असं आठ वेळा झालं तेव्हा मी दुकानातून फुलस्केप कागद आणले. कागद कट करता येत नाही. (पायलवहिनी, हे तुम्हीच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, कारण दवाखान्याच्या आशाताई म्हणून तुमच्याशिवाय आत्या गावात कुणाला घरात बसू देत नाही. ती मध्येच उठून चुलीकडं निघाली तर हाताला धरून बसवा. आणि कंसातलं मोठ्यानं वाचू नका, कंस तुमच्यासाठी आहे.)

तर आता नमस्कार. तीर्थरूप गोजराआत्यास अंकुशचा साष्टांग नमस्कार. मी इकडं धडधाकट आहे. तिकडची खुशाली पायलवहिनींकडून कळली, म्हणूनच भांडतोय. म्हैस व्याली का? रेडा की रेडी ते कळवणे. माझा खोकला गेला. खोलीत आम्ही चौघं आहोत, पैकी एक घोरतो, बाकी सगळं ठीक.

भांडण जिथं राहिलं होतं तिथून पुढं. मी उरणला कंटेनरच्या यार्डात लागलो तेव्हा तू सोळा सोमवार धरलेस, पोरगं एका जागी टिकून पर्मनंट होऊ दे म्हणून. मी अकराव्या सोमवारी यार्ड सोडलं. मग रबाळ्याला बाटल्यांची झाकणं मोजायला लागलो, तर तू परत एकपासून सुरू केलंस. ते मी सातव्या सोमवारी सोडलं (तुम्ही झाकणं मोजून बघा वहिनी, सातवा सोमवारसुद्धा लई झाला). मधे कुरिअर, मधे गॅसच्या टाक्या, मधे एक लग्नाचा मांडव. म्हणजे मी नोकरी सोडली की तुझा आकडा परत एकवर. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटायचं सोळा म्हणजे सोळा, कधीतरी संपत असतील. मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला तेव्हा कळलं की तीन वर्षं झाली, एकही सोमवार सुटलेला नाही, त्यात शुगरची गोळी रिकाम्या पोटी, आणि शुगर मोजायचं यंत्र काढलं की तू पदराखाली हात लपवतेस. मी ऐकलं आणि रस्त्यातच फुटपाथवर बसलो. खरंच सांगतो, माझं बूड टेकलं. इतक्या नोकऱ्यांत टेकलं नाही ते तिथं टेकलं.

आणि वर मलाच बोलतेस की तू सोमवारी अंडाभुर्जी खातोस, तुला लाज नाही, तुझ्या वाटचे उपास मला करावे लागतात. या भुर्जीवरून आपलं चार वर्षं वाजतंय. मला तेव्हा तोंडावर उत्तर सुचायचं नाही. आता सुचलंय. आता माझ्याकडं वाघ आहे.

तुला मी फोनवर "बागेत लागलोय" एवढंच सांगितलं होतं, पुढचं सांगायच्या आत आवाज तुटला. तुला वाटलं असेल पोरगं गुलाबाला पाणी घालतंय. आत्या, ही बाग अर्धी झाडांची आहे आणि अर्धी जनावरांची, आणि मी जनावरांच्या बाजूला आहे. मी वाघिणीला जेवण वाढतो. बस खाली. (वहिनी, तिला पाणी द्या.) मी पिंजऱ्यात जात नाही. वाघीण आणि माझ्यामधे दोन लोखंडी दारं, एक सरकती जाळी आणि मानसिंगकाका असतात. मानसिंगकाका तीस वर्षं या कामात आहेत आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत, मी पहिल्या दिवशी मोजली.

पहिल्याच दिवशी साहेबांनी एक कागद हातात दिला, की शाळेच्या सहली येतात, कुणी विचारलं तर तोंडाला कुलूप नको, बागेचा इतिहास पाठ कर. मी आठवी नापास, तोही इतिहासात, हे त्यांनी विचारलंच नाही. पण आत्या, शाळेतला इतिहास आणि हा यांत फरक आहे, इथं राजे नाहीत, सगळं आपल्यासारखंच, म्हणजे काही ठरवून झालेलं नाही. आधी इथं मिठागरं आणि भातशेती. मग नवं शहर आखलं, रस्ते झाले, आणि रस्ते झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की सावलीच नाही. म्हणून रस्त्याकडेची रोपं वाढवायला ही जागा घेतली. बाग नव्हतीच, नुसती रोपवाटिका. त्यात एक झाडवेडा साहेब आला, त्यानं प्रत्येक जातीचं एकेक झाड इथंच राखून ठेवलं. पोरं गेली रस्त्यावर आणि आया राहिल्या इथं. अशी दोनशे चाळीस झाडं, प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची पाटी, वर मराठी नाव आणि खाली एक असं नाव जे कुणालाच वाचता येत नाही (साहेबांनाही नाही, ते तिथं आले की खोकतात). जनावरांचं तर कुणाच्या मनातही नव्हतं. बदली झालेल्या एका अधिकाऱ्यानं बंगल्यातली दोन हरणं इथं सोडली, त्यांची अकरा झाली. ते बघून लोक नकोशी झालेली जनावरं फाटकाशी आणून ठेवायला लागले, पोपट, कासवं, आणि एक माकड ज्याला फक्त हिंदी कळायचं. मग कायदा आला, तपासणीवाले आले, बारके पिंजरे मोडले, मोठी आवारं झाली, खंदक झाले. आणि शेवटी सहा हरणं देऊन दुसऱ्या शहरातून एक वाघीण आणली. सहा हरणांना एक वाघीण! मी आ वासला तो मिटेना. मानसिंगकाका म्हणाले, अरे, दोन बागांत असंच चालतं, विकत कुणी घेत नाही, सोयरीक जुळवतात.

कागदाच्या शेवटी बागेची चार कामं लिहिली आहेत: करमणूक, शिक्षण, संशोधन आणि संवर्धन. संवर्धन म्हणजे जे संपत चाललंय ते सांभाळून ठेवायचं. (वहिनी, तुमचं-माझंही तेच चाललंय, फक्त आपली वाघीण हात दाखवत नाही.) मानसिंगकाका म्हणतात पाचवं काम लिहायचं राहिलं, कॉलेजच्या जोडप्यांना बसायला जागा.

मग त्यांनी मला जनावरांचं स्वयंपाकघर दाखवलं. तिथं भिंतीवर तक्ता आहे, कुणाला काय आणि किती, खाली डॉक्टरची सही. अस्वलाला दूध, भाकरी, केळी, उकडलेली अंडी आणि मध. मध, आत्या! माकडांना मोड आलेले मूग. हरणांना पेंड आणि गूळ. पोपटाला डाळिंब, सोललेलं. आणि राजाबाईला, म्हणजे आमच्या वाघिणीला, आठ किलो मांस. मी तो तक्ता वाचला, माझा डबा उघडला, त्यातल्या वडापावाकडं बघितलं आणि परत झाकण लावलं.

आणि मग पहिला सोमवार आला. पाच वाजले, बादली भरायची वेळ झाली, आणि मांसच नाही. मी म्हणालो, काका, गाडी आली नाही वाटतं. मानसिंगकाका विडी कानावर ठेवत म्हणाले, "आज सोमवार हाय. राजाबाईचा उपास."

आत्या, मी जाळीला धरून उभा राहिलो. चार वर्षं तू माझ्या मागं लागलीस की माणसासारखा माणूस तू, सोमवार धर, आणि इथं वाघ धरतोय! मला पहिल्यांदा वाटलं की तूच फोन करून इथं काहीतरी सांगितलंस. मग काकांनी समजावलं. जंगलात वाघाला रोज थोडंच मिळतं. इथं बसल्या जागी रोज मिळालं की पोट बिघडतं, चरबी चढते, म्हणून आठवड्यातला एक दिवस रिकामा ठेवतात. सोमवार अशासाठी, की त्या दिवशी जनावरांची बाजू लोकांना बंद असते आणि मांसवाल्या ठेकेदाराचीही सुट्टी. देवाचा त्यात काही संबंध नाही. एवढं मला नीट कळलं होतं. हे लक्षात ठेव, कारण पुढं जे झालं ते अंकुशनं पसरवलं असं सगळे म्हणतात. मी काही पसरवलं नाही. मला विचारलं, मी उत्तर दिलं.

विचारलं वैजयंतीकाकूंनी. सोमवारी जनावरांची बाजू बंद असली तरी झाडांची उघडी असते, सोसायट्यांमधले पासवाले संध्याकाळी फिरायला येतात. त्यांची वाट बेलाच्या झाडाखालून जाते आणि तिथून खंदकापलीकडं राजाबाई सरळ समोर दिसते. वैजयंतीकाकू बँकेतून रिटायर झालेल्या, पायात पांढरे बूट, मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ, रोज सहा फेऱ्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, आज हिची बादली नाही आली?" मी म्हणालो, "आज सोमवार ना काकू. तिचा उपास असतो." यात मी काय वाकडं बोललो ते तू सांग.

काकूंनी बूट काढले. मला वाटलं खडा गेला असेल. बूट नीट बाजूला ठेवून त्यांनी राजाबाईला हात जोडले. मग हळूच विचारलं, पाणी तरी पिते का रे? मी म्हणालो, पाणी पिते. तर काकूंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "बघ, मुकं जनावर पाण्यावर राहतं, आणि मी मेली सकाळपासून दोन ताटल्या साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलेय."

पुढच्या सोमवारी बेलाखाली अकरा बायका. त्याच्या पुढच्या सोमवारी पंचवीस, आणि त्यांत पुरुषही. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, डोळे मिटलेली राजाबाई आणि खाली लिहिलेलं 'ध्यानस्थ'. आत्या, ती झोपली होती. वाघ दिवसाचे सोळा तास झोपतो, तेही कागदावर आहे. पण ऐकतो कोण? ज्याचं जे अडलेलं ते घेऊन जो तो येऊन उभा. कुणाच्या फ्लॅटचा ताबा, कुणाच्या सुनेची बदली, वैजयंतीकाकूंच्या मुलाचं, स्वानंदचं लग्न, आणि एका सेक्रेटरीचा लिफ्ट बदलायचा ठराव. सगळ्यांनी राजाबाईबरोबर सोळा सोमवार धरले. राजाबाईला कुणी विचारलं नाही.

मी सांगायला गेलो की अहो, ते चरबीसाठी असतं, तर एक काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाळा, तू रोज जवळ असतोस ना, म्हणून तुला दिसत नाही. मी मानसिंगकाकांकडं गेलो, ते म्हणाले तीस वर्षांत मला एवढे नमस्कार कुणी घातले नाहीत, चालू दे.

आता बेलाचं ऐक. बागेत बेल एकच. पाटीवर स्वच्छ लिहिलंय की पानं तोडू नयेत. चार सोमवारांत त्याचं मुंडन झालं. बाजीराव माळी त्याच्या खाली उभा राहून वर बघायचा, जसा माणूस जळालेल्या घराकडं बघतो. सगळा बेल खंदकाच्या पलीकडं, राजाबाईच्या अंगणात. एकदा तर एक पान वाऱ्यानं फिरत गेलं आणि बरोबर तिच्या कपाळावर बसलं. पन्नास माणसांचे हात एकदम कपाळाला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग राजाबाई शिंकली. त्या शिंकेचा सेक्रेटरीनं असा अर्थ लावला की लिफ्टचा ठराव मंजूर. (तो खरंच झाला मंजूर, वहिनी, त्याला मी काय करू? पण हे आत्याला बिलकुल सांगू नका.)

पण इकडं राजाबाईचं काही ठीक नव्हतं. एकोणीस वर्षांची ती. वाघांत एवढं कुणी जगत नाही, आत्या, तुझ्यापेक्षा दहा पावसाळे जास्तच धर. चालताना मागचा पाय ओढायला लागली, हाडाला चिकटलेलं मांस तसंच टाकायला लागली. क्षिप्रा मॅडम आमच्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी तिला वजनाच्या फळीवर घेतलं, तर चार महिन्यांत चौदा किलो कमी. जाळीतून तोंड उघडायला लावलं, तर दाढा झिजून गेलेल्या. मॅडमनी तक्त्यावर राजाबाईपुढचं सगळं खोडलं आणि तिथं लिहिलं, खिमा, दोन किलो, चार वेळा, रोज.

मी विचारलं, मॅडम, पण सोमवारचा तर उपास असतो ना? त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच आजारी आहे. म्हणाल्या, "अंकुश, उपास कुणासाठी असतो? तरण्याताठ्या वाघासाठी, खाऊन लोळतो त्याच्यासाठी. म्हाताऱ्या, आजारी जनावराला कुणी उपाशी ठेवतं का?"

(वहिनी, हे वाक्य परत एकदा वाचा. हळू वाचा. आत्याच्या तोंडाकडं बघून वाचा.)

मी ते वाक्य खोलीवर येऊन पेनानं भिंतीवर लिहिलं. घरमालक म्हणाला, रंगाचे पैसे कापणार. म्हणालो, काप.

तर सातवा सोमवार. मी म्हटलं, बादली गुपचूप मागच्या दारानं नेऊ, कुणाला कळायचंही नाही. नेमकं त्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप अडकलेलं. मग राहिली एकच वाट, बेलाखालची. तिथं चाळीस माणसं हात जोडून उभी, आणि मी दोन किलो खिम्याची उघडी बादली घेऊन त्यांच्या मधून चाललोय. आत्या, लग्नात अक्षता पडायच्या वेळी कुणी मयताचं सामान घेऊन आलं तर कसं बघतील, तसे बघत होते. वैजयंतीकाकू आडव्या आल्या. म्हणाल्या, "अरे, आज सोमवार!" म्हटलं, माहीत आहे काकू, डॉक्टरनी उपास बंद केलाय. "अरे पण माझा सातवा आहे! आता खंड पडला तर मला परत एकपासून सुरू करावं लागेल!"

परत एकपासून. आत्या, हे ऐकलं आणि मला समोर काकू दिसेचनात. तूच दिसलीस, पांढरे बूट घातलेली.

मग माझा तोल गेला. मी बादली खाली ठेवली आणि काय काय बोललो ते मला धड आठवतही नाही. माझी आत्यासुद्धा परत एकपासूनच सुरू करते म्हणालो. माझ्यासाठी करते म्हणालो, आणि मी इकडं सोमवारी भुर्जी खातो. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, आणि ती हापशावर पडली, गिरणीत पडली, उद्या विहिरीवर पडली तर मला पर्मनंट करून काय कुणी कागद चाटायचाय? चांगले कपडे घातलेली माणसं माझं ऐकत उभी होती. बादलीवर कावळे यायला लागले तरी कुणी हटकेना. गलका ऐकून क्षिप्रा मॅडम धावत आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. काकूंचा हात धरला आणि विचारलं, "काकू, सकाळपासून काय खाल्लंय?"

काकू म्हणाल्या, काही नाही. राजाबाई नुसत्या पाण्यावर राहते आणि आपण खिचडी खातो याची लाज वाटून त्यांनी दुसऱ्या सोमवारपासूनच खिचडी सोडलेली. शुगरची गोळी मात्र वेळेवर. एवढं सांगून "मला काही होत नाही गं" म्हणाल्या आणि बाकावर बसायला गेल्या, तर बाक दोन हात लांब होता.

डोळे पांढरे, अंग घामानं चिंब. म्हणजे गिरणीत तू अशी दिसत होतीस तर! मॅडम ओरडल्या, गोड आण काहीतरी! मी स्वयंपाकघरात पळालो. हाताला पहिली लागली ती अस्वलाच्या मधाची बाटली. मॅडमनी बोटानं तो काकूंच्या हिरड्यांना चोळला. मी वाघाला घाबरलो नाही एवढा त्या बाईच्या गप्प पडण्याला घाबरलो. बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले, ओठांवरून जीभ फिरवली, आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कुणाचा मध रे?" मी म्हणालो, अस्वलाचा. काकू म्हणाल्या, "उपासाला चालतो ना?"

क्षिप्रा मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी त्या "काकू!" एवढंच ओरडल्या आणि पलीकडची सगळी हरणं एका कोपऱ्यात गेली.

या गडबडीत मानसिंगकाकांनी कावळे हाकलून बादली उचलली होती आणि खिमा आत सरकवला होता. राजाबाईनं कुणाकडंही बघितलं नाही. वास घेतला, खाल्लं, ताट चाटलं, दोन्ही पंजे स्वच्छ केले आणि पाठ फिरवून झोपली. चाळीस माणसं बघत होती. आभाळ कोसळलं नाही, काही नाही.

शेवटी तोडगा मानसिंगकाकांनी काढला. ते म्हणाले, धरलेलं तसंच सोडायला भीती वाटते ना, मग सोडू नका, उद्यापन करा. काकू म्हणाल्या, सोळा कुठं झालेत अजून? तर काका म्हणाले, तुमचे नसतील झाले, राजाबाईचे झालेत, ती या बागेत आल्याला चौदा वर्षं झाली. काकू बँकेतल्या. बाकावर आडव्या पडल्या पडल्या त्यांनी आकडा काढला, सातशे अठ्ठावीस सोमवार. प्रत्येकी सोळा असे चाळीस जणांना वाटले तरी अठ्ठ्याऐंशी उरतात! आत्या, एवढी समाधानी माणसं मी मांडवातसुद्धा बघितली नाहीत. दुसऱ्या रविवारी राजाबाईच्या नावानं उद्यापन झालं. सोळा जोडपी जेवायला घालायच्या ऐवजी सगळ्यांनी वर्गणी काढून रोपवाटिकेत बेलाची सोळा रोपं लावली. आणि ज्यांना शुगर आहे त्यांची मॅडमनी तिथंच यादी केली. चाळीसांत एकोणीस निघाले.

आता मुद्द्याचं. त्या उरलेल्या अठ्ठ्याऐंशी सोमवारांतले सोळा मी तुझ्या नावानं मागून घेतले आहेत. मानसिंगकाका आणि वैजयंतीकाकू साक्षीला होते. म्हणजे तुझे सोळा पुरे झाले, आणि वाघिणीनं केलेले आहेत, कच्चे नाहीत. आणि ज्यासाठी धरले होते तेही झालं. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली आणि मला पर्मनंट केलं. आता मी कुठं जात नाही आणि तुला एकपासून सुरू करायचं कारण उरलेलं नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय द्यायचं ते. कोंबडीला सांग तिचा आवाज एकदम क्लिअर येतो.

तुझा,
अंकुश

ता. क. तूही उद्यापन कर, येत्या सोमवारीच. आधी भाकरी, मग गोळी, मग पूजा, या क्रमानं. सोळा जोडप्यांचा घाट घालू नकोस, वहिनी आणि त्यांचा नवरा एवढं एक जोडपं बस झालं. ताट तुझंही मांड आणि पहिला घास तू घे.

पुन्हा ता. क. सोमवार अगदीच मोकळा राहू नये असं तुला वाटत असेल तर तो आता मी धरलाय. तरण्याताठ्यांसाठीच असतो तो, डॉक्टरनी सांगितलंय. पहिला साडेअकरापर्यंत टिकला, समोर भुर्जीची गाडी लागते. परवाचा मात्र पुरा झाला. रात्री अंगात त्राण नव्हतं. तू हे तीन वर्षं कसं केलंस?

(पायलवहिनी, हे शेवटचं तुम्ही मनातल्या मनात वाचा आणि कागदाचा हा तुकडा फाडून चुलीत टाका. पर्मनंटचं खोटं आहे. साहेबांनी पाठ थोपटली नाही, बागेत गर्दी जमवली म्हणून मला वाघिणीकडून काढलं आणि रोपवाटिकेत टाकलंय, त्या सोळा बेलांना पाणी घालायला. सोळाच्या सोळा जगले तर पुढच्या वर्षी तुझं बघू, असं म्हणालेत. एक आत्ताच मान टाकतोय. मी त्याच दिवशी निघणार होतो, पिशवीही भरली होती, आणि मग आकडा आठवला की मी निघालो तर ती परत एकपासून. पिशवी रिकामी केली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय, दुपारी गोणपाट बांधतोय, आणि जाता-येता लांबून राजाबाईला बघतो, ती आता चारही वेळा खाते. आत्यानं विचारलं तर पर्मनंट म्हणूनच सांगा. शुगर मोजून आकडा मला कळवा, तिचा हात पदराखालून ओढून काढा. उद्यापनाला आणि मोजायच्या पट्ट्यांना मिळून तुमच्या फोनवर सोळाशे रुपये पाठवतोय.)